दादरचं ॲडमिशन गायडन्स सेंटर: पाचपैकी दोन स्टार, आणि ते दोन्ही तिथल्या एका मुलीला

बारावीचा निकाल मनासारखा लागला नाही म्हणून "ॲडमिशन गायडन्स दादर" असं शोधत इथपर्यंत आला असाल तर पैसे भरायच्या आधी हे वाचून घ्या, मग काय करायचं ते करा. सेंटरचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. दादर वेस्ट, स्टेशनपासून चालत अंतर, पहिला मजला, खाली साड्यांचं दुकान, एवढं पुरे. घाबरलोय अशातला भाग नाही, पण असली सेंटरं ठाण्यात आहेत, बोरिवलीत आहेत, डोंबिवलीत तर गल्लीत दोन आहेत, आणि एकाचं नाव घेतलं की बाकीचे फुकटात साव ठरतात.

आधी आमची केस काय होती ते सांगतो, त्याशिवाय बाकीचं कळणार नाही. मुलगी, सायन्स, स्टेट बोर्ड, २०२५ ची बॅच. निकाल ५ मे ला दुपारी एक वाजता लागला. राज्याचा ९१.८८ टक्के, आपल्या मुंबई विभागाचा ९२.९३, टीव्हीवर हे आकडे खालून पळतायत आणि आमच्या घरात मोबाईलवर ६०० पैकी ३०८. इंग्लिश ६१, मराठी ७२, फिजिक्स ४१, केमिस्ट्री ३८, मॅथ्स ४४, बायो ५२. यात फिजिक्स केमिस्ट्रीचे शंभरातले तीस मार्क प्रॅक्टिकलचे असतात, ते बाजूला काढा आणि लेखीच्या सत्तरात किती पडले असतील ते तुम्हीच बघा. दहावीला याच पोरीला ८६ टक्के होते.

आणि गंमत बघा, नापास झाली असती तर लोकांना काय बोलायचं ते माहीत असतं, धीर द्यायचा, जुलैच्या परीक्षेचं विचारायचं, संपलं. ५१ टक्क्यांना काय बोलायचं तेच कोणाला कळत नाही. समोरच्या काकू "पास झाली ना, बास झालं" म्हणत पेढे मागायला आल्या आणि मार्क ऐकून तशाच दारात "हो का, बरं बरं" करत उभ्या राहिल्या, पेढा घ्यावा की नको अशा. फॅमिली ग्रुपवर कोणीतरी बुके टाकला, मग कोणीतरी पर्सेंटेज विचारलं, मग एकदम शांतता. मुलगी आतल्या खोलीत, फोन स्विच ऑफ.

आता खरा घोळ ५१ टक्क्यांचा नव्हताच. हिला इंजिनिअरिंगला जायचं होतं, सीईटी देऊन झाली होती, तिचा निकाल जूनमध्ये लागणार होता. इंजिनिअरिंगचं मेरिट सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागतं, बारावीचे मार्क फक्त पात्रतेपुरते बघतात, पण ती पात्रता ओपनला ४५ टक्के आहे, आणि मागासवर्गीय, ईडब्ल्यूएस, दिव्यांग यांना ४०. आम्ही ओपन. हिचे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून ३०० पैकी १२३. म्हणजे ४१ टक्के. म्हणजे सीईटीला उद्या ९९ पर्सेंटाइल आले तरी उपयोग शून्य, असा हिशोब त्या दुपारी आमच्या घरात प्रत्येकाने आपापल्या मोबाईलवर करून बघितला आणि प्रत्येकाचं उत्तर तेच आलं.

अशा वेळी प्रत्येक घरात एक मेव्हणा असतो. आमच्या मेव्हण्याने संध्याकाळच्या आत दादरच्या सेंटरची अपॉइंटमेंट घेऊन टाकली, "भावोजी, त्यांच्या ओळखी आहेत, माझ्या साहेबाच्या मुलाचं त्यांनीच केलं". दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून आम्ही बापलेक भांडुपहून स्लो लोकलने दादर. ती खिडकीत बसून एक शब्द बोलली नाही.

सेंटर दिसायला झकास. एसी, काचेचं पार्टिशन, भिंतभर ९५ च्या वरच्या पोरांचे फोटो (५१ वाल्या पोरीला बरोब्बर त्या भिंतीच्या समोरच्या खुर्चीत बसवतात), टेबलावर बिस्किटं, आणि रिसेप्शनला एक फॉर्म ज्यात वडिलांचं वार्षिक उत्पन्न आणि "बजेट" असे दोन वेगळे रकाने. पॅकेज साडेसहा हजार. त्यात काय काय, तर ॲप्टिट्यूड टेस्ट, काउन्सेलिंगचं सेशन, सरांची पर्सनल मीटिंग आणि ॲडमिशन होईपर्यंत सगळे फॉर्म भरून देणार. आधी पेमेंट, मग आत. पावती मागितली तर दिली, ते एक बरं.

ॲप्टिट्यूड टेस्ट म्हणजे मला वाटलं पेपर वगैरे देतील. तर नाही. एका मशीनवर दहाही बोटांचे ठसे घेतले, आधार कार्डाला घेतात तसे, आणि थोड्या वेळाने कलर प्रिंटचा स्पायरल बाइंडिंग केलेला जाडजूड रिपोर्ट हातात. याला डीएमआयटी म्हणतात, बोटांच्या ठशांवरून मेंदूची कुवत सांगायची. याला शास्त्राचा काडीचाही आधार नाही. ठसे आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि त्यांचा केमिस्ट्रीशी काही संबंध नाही. रिपोर्टमध्ये लिहिलंय हिचा डावा मेंदू ५२ टक्के आणि उजवा ४८, आणि हिला सूट होणारी करिअर म्हणजे इंजिनिअर, वकील, आयएएस, शेफ, पायलट आणि इव्हेंट मॅनेजमेंट. राहिलं काय मग? पोरीने तो रिपोर्ट चाळला आणि निकालानंतर पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, "बाबा, शेफ लिहिलंय, मला चहा येत नाही". तेवढ्यासाठी रिपोर्टला अर्धा स्टार द्यावा असं मनात आलं होतं पण नको.

मग सर. सर बोलायला गोड. मार्कशीटचा प्रिंटआउट बघितला, कॅल्क्युलेटर काढला, १२३ भागिले ३०० केलं, आणि म्हणाले, "काका, पीसीएम ४१ म्हणजे कॅप राउंड (सीईटी सेलच्या सेंट्रलाइज्ड ॲडमिशनच्या फेऱ्या) विसरा. पण टेन्शन घ्यायचं नाही, सोल्युशन आहे." सोल्युशन एक, मॅनेजमेंट कोटा, एका कॉलेजात त्यांची सेटिंग आहे, आकडा त्यांनी तोंडाने सांगितला नाही, कॅल्क्युलेटरवर टाईप करून माझ्याकडे फिरवला. मी तो इथे लिहीत नाही, पण माझं पीएफ कमी पडेल असा. सोल्युशन दोन, दुसऱ्या राज्यातलं कुठलंसं कॉलेज, होस्टेल कंपल्सरी. सोल्युशन तीन, "बीएमएस करा, डायरेक्ट होतं, मुलींना बरं असतं".

यातलं एक एक घ्या. राज्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या इन्स्टिट्यूट लेव्हलच्या सीट्स, ज्याला आपण मॅनेजमेंट कोटा म्हणतो, त्यांना पण पात्रता तीच लागते. पैसे भरले म्हणून ४१ चे ४५ होत नाहीत. उद्या ॲडमिशन तपासणीत अडकलं तर सर येणार नाहीत, तुमची पोर अडकणार. आणि बीएमएस "डायरेक्ट" ही तर जुनी कॅसेट आहे. २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस एआयसीटीईच्या (तांत्रिक शिक्षणाची केंद्रीय परिषद) खाली गेले आणि त्यांना पण सीईटी सेलची वेगळी सीईटी लागली. त्यावर बऱ्याच कॉलेजांनी तोच कोर्स नाव बदलून बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज वगैरे करून टाकला म्हणजे सीईटी नको, हे खरं, पण मग तसं सांगा ना. कोर्सचं नाव काय, सीईटी लागते की नाही, हे विचारलं तर सर म्हणाले "ते आमची टीम बघेल".

पण आता ज्या मुलीसाठी दोन स्टार दिलेत तिच्याबद्दल. सरांच्या आधी एक काउन्सेलिंगचं सेशन होतं, त्यासाठी एक पंचवीस-सव्वीसची मुलगी होती, सायकॉलॉजीत एमए, साधी कुर्त्यात, गळ्यात सेंटरचं आयडी कार्ड. तिने आधी मलाच बाहेर काढलं. "काका, तुम्ही खाली जाऊन चहा घेऊन या, अर्धा तास तरी लागेल." मी गेलो, दोन कटिंग झाले, परत आलो तरी दार बंद. काचेतून दिसत होतं की आमची बोलतेय. हातवारे करून बोलतेय. आदल्या दुपारपासून घरात हूं की चूं नव्हतं आणि इथे अनोळखी बाईसमोर धबधबा. मला काय वाटलं ते सोडा.

नंतर तिने मला एकट्याला बोलावून जे सांगितलं ते त्या साडेसहा हजारांत एकमेव कामाचं होतं. म्हणाली, आठवडाभर तिला मार्कांबद्दल काही विचारू नका, आणि तिच्यासमोर फोनवर कोणाला मार्क सांगू नका, तुम्ही हॉलमध्ये बोलता ते तिला आत ऐकू येतं आणि प्रत्येक फोनला तिचा निकाल नव्याने लागतो. बोर्डाच्या परीक्षेच्या आधीपासून तिची झोप उडाली होती, हे पण तिनेच सांगितलं, आम्हाला वाटायचं पोरगी रात्री जागून अभ्यास करते. आणि शेवटी तिने पावतीच्या मागे एक नंबर लिहून दिला, १४४१६, टेली मानस, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलतात. "इथे परत यायला वेगळी फी लागेल, तुम्ही रात्री-अपरात्री गरज वाटली तर यावर करा." विचार करा, ज्या दुकानात नोकरी करते तिथेच बसून गिऱ्हाइकाला फुकटचा रस्ता दाखवणारी. त्या सेंटरमध्ये ती फार दिवस टिकेल असं वाटत नाही. तो नंबर बायकोने एका रात्री लावला, मुलगी झोपत नव्हती म्हणून, पलीकडच्या बाईंनी आधी बायकोलाच शांत केलं मग मुलीशी बोलल्या. निकालाच्या वेळी बोर्ड पण समुपदेशकांचे नंबर जाहीर करतं, पेपरात येतात, आपण ती चौकट कधी वाचत नाही. मोठ्या काळजीचं असेल तर अर्थात डॉक्टरच, फोनवर भागवू नका.

घरी आल्यावर त्या आठवड्यात मार्क हा शब्द बंद. माझ्या ताईचा फोन आला की मी गॅलरीत.

आता ४५ टक्क्यांचं काय झालं ते ऐका. आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक मुलगा आहे, इंजिनिअरिंग सेकंड इयर, दिवसभर खाली कट्ट्यावर असतो, केस रंगवलेले, सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्याच्या पार्किंगवरून दर वेळी भांडण. त्याला जिन्यात सहज सांगितलं असं असं झालंय. तो म्हणाला "काका बायो होतं ना तिला?" म्हटलं होतं, ५२ आहेत. तर त्याने तिथेच जिन्यात उभ्या उभ्या मोबाईलवर सीईटी सेलचं आदल्या वर्षीचं इन्फर्मेशन ब्रोशर उघडलं आणि पात्रतेचं पान काढून दाखवलं. फिजिक्स आणि मॅथ्स कंपल्सरी, आणि सोबत एक विषय, केमिस्ट्री किंवा बायोटेक्नॉलॉजी किंवा बायोलॉजी किंवा टेक्निकल व्होकेशनल, कॉम्प्युटर सायन्स वगैरे पण त्यात आहेत, आणि या तीन विषयांचे मिळून ४५ टक्के. केमिस्ट्रीच पाहिजे असं कुठेही नाही. फिजिक्स ४१, मॅथ्स ४४, बायो ५२. एकशे सदतीस. ३०० चे ४५ टक्के म्हणजे १३५. दोन मार्क वर!

मी तो हिशोब जिन्यात दोनदा करून घेतला. साडेसहा हजार घेणाऱ्या सरांसमोर तीच मार्कशीट होती, त्यावर बायोचे ५२ छापलेले होते, आणि त्यांनी कॅल्क्युलेटरवर केमिस्ट्रीच मारली. आता त्यांना नियम माहीत नव्हता की माहीत असून सांगितला नाही, दोन्हीपैकी कुठलंही खरं असलं तरी स्टार तेवढेच. जो धंदाच ॲडमिशनचा करतो त्याने ते पान वाचलेलं नसणं म्हणजे केमिस्टने औषधावरची एक्सपायरी न बघण्यासारखं आहे. त्या पोराला मी मिसळ खाऊ घातली, आणि पार्किंगच्या विषयावर पुढच्या मीटिंगमध्ये मी गप्प बसणार आहे.

जे वाचताय त्यांनी हे लगेच आपल्या मार्कशीटवर करून बघा, मुलाने बायो, आयटी, कॉम्प्युटर सायन्स, व्होकेशनल काही घेतलं असेल तर. पण ब्रोशर मात्र चालू वर्षाचं उघडा, सीईटी सेलच्या साईटवर पीडीएफ असतं, इंग्लिशमध्ये आहे आणि वाचायला कंटाळवाणं आहे, तरी पात्रतेचं पान वाचाच. नियमात दर वर्षी काही ना काही हलतं. आणि एनआयटीचं स्वप्न असेल तर तिथे बारावीला ७५ टक्के किंवा बोर्डाच्या टॉप २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं, ते वेगळं प्रकरण, आमचा तो विषयच नव्हता.

दुसरी गोष्ट, ज्यासाठी खरं तर पाच स्टार द्यायला पाहिजेत, ती म्हणजे बोर्डाची उत्तरपत्रिकेची छायाप्रत. सेंटरच्या सरांनी "काका त्यात काही निघत नाही, वेळ घालवू नका" म्हणून सांगितलं होतं. आता निघतं का नाही ते बघा. तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि लोक घोळ करतात. गुणपडताळणी म्हणजे फक्त बेरीज बरोबर आहे का, एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का ते बघतात, विषयाला ५० रुपये. छायाप्रत म्हणजे तुमच्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स, विषयाला ४०० रुपये. आणि पुनर्मूल्यांकन म्हणजे परत तपासणी, ३०० रुपये, पण त्याच्या आधी छायाप्रत घ्यावीच लागते आणि ती हातात आल्यापासून कामाच्या पाच दिवसांत अर्ज करायचा असतो. २०२५ ला पडताळणी आणि छायाप्रतीचे अर्ज ६ मे ते २० मे होते, ऑनलाइन. म्हणजे निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून घड्याळ चालू, आणि नेमके तेच दिवस घरात रडारडीचे असतात.

आम्ही केमिस्ट्रीची मागवली, कारण ३८ हा आकडा तिला पटतच नव्हता. पीडीएफ आली. तिने ती माझ्यासमोर उघडली नाही, आत जाऊन उघडली, आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन मोबाईल माझ्या हातात दिला आणि पहिलं पान झूम करून दाखवलं. पहिला प्रश्न, दहा एमसीक्यू. तिने काय केलं होतं, एकाखाली एक फक्त अक्षरं लिहिली होती, ए, सी, डी, बी. उत्तर लिहिलंच नव्हतं. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेवर सूचनांमध्ये स्पष्ट छापलेलं असतं की अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायचं, नुसतं अक्षर किंवा नुसतं उत्तर लिहिलं तर मार्क नाही. दहापैकी बरीच अक्षरं बरोबर होती, आणि समोर लाल पेनाने शून्य, शून्य, शून्य. वर्षभर क्लासमध्ये सीईटीची प्रॅक्टिस, गोल रंगवा नाहीतर क्लिक करा, तीच सवय हाताला लागली आणि बोर्डाच्या पेपरात पण तसंच. पुढे चार मार्कांच्या प्रश्नात गणिताचं उत्तर बरोबर पण युनिट नाही, एका ठिकाणी प्रश्नाचा नंबरच चुकीचा टाकलेला. आणि काही पानं खरोखरच कोरी, ते पण खरं, तिथे बोर्डाला बोल लावण्यात अर्थ नाही.

आम्ही ती पीडीएफ तिच्या ज्युनिअर कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या मॅडमना दाखवली. त्यांनी सगळं बघून सांगितलं, तपासणी बरोबर आहे, पुनर्मूल्यांकनाचे ३०० घालवू नका, काही वाढणार नाही. म्हणजे बघायला गेलं तर सर म्हणाले तेच, मार्क एकही वाढला नाही. पण निकाल लागल्यापासून ती एकच वाक्य बोलत होती, "मला काही येतच नाही", आणि पीडीएफ बघितल्यावर वाक्य बदललं, "मी येड्यासारखी नुसती अक्षरं लिहून आले". त्यात राग होता, स्वतःचाच, पण त्या रागात तिने रात्री जेवण मागून घेतलं. चारशे रुपयांत अजून काय पाहिजे. तिच्या दोन मैत्रिणींनी नंतर आपापल्या मागवल्या.

श्रेणीसुधारचा पण पर्याय होता, पास झालेल्यांना परत बसून मार्क सुधारता येतात, २०२५ च्या बॅचला त्या वर्षीची जून-जुलै, मग २०२६ ची फेब्रुवारी-मार्च आणि जून-जुलै अशा लगतच्या तीन संधी. ती नको म्हणाली. आम्ही पण ताणलं नाही.

मधल्या काळात बॅकअप म्हणून बीएस्सीचं करून ठेवलं, आणि हे सगळ्यांनी करा, कारण टाइमिंग भयंकर आहे. २०२५ ला मुंबई युनिव्हर्सिटीच्या डिग्रीचे फॉर्म मे महिन्यातच, मेरिट लिस्टा मे अखेर ते जूनची सुरुवात, आणि सीईटीचा पीसीएमचा निकाल १६ जूनला. म्हणजे सीईटीची वाट बघत बसलात तर डिग्रीची गाडी निघून गेलेली असते. युनिव्हर्सिटीच्या साईटवर प्री-ॲडमिशन एनरोलमेंट आधी करायचं, त्याचा नंबर घेऊन मग प्रत्येक कॉलेजचा फॉर्म वेगळा. नुसतं एनरोलमेंट करून "फॉर्म भरला" म्हणून निवांत बसलेली माणसं माझ्या ऑफिसात आहेत. हे सगळं आमच्या पोरीने एका संध्याकाळी स्वतः मोबाईलवर भरलं, सेंटरच्या पॅकेजमध्ये याला "एक्स्पर्ट फॉर्म फिलिंग" म्हणतात. ५१ टक्क्यांना रुईया, वझे, झेवियर्स, साठ्ये यांच्या गाजलेल्या कोर्सेसचं नाव काढू नका, पण साधं बीएस्सी, सेल्फ फायनान्स नसलेलं, त्याच्या लिस्टा खूप खाली येतात, आणि ज्या कॉलेजात अकरावी-बारावी केली तिथलंच डिग्री कॉलेज असेल तर इनहाऊसला आधी घेतात. हिला इनहाऊसमध्ये मिळालं. फी भरली, पावती जपून ठेवली, रद्द करताना लागते.

सीईटीला ८२ पर्सेंटाइल आले. ठीक. व्हीजेटीआय, सरदार पटेलवाले ९९ च्या गप्पा मारतात, आपण त्या रांगेत नाही. जूनच्या शेवटी कॅपचं रजिस्ट्रेशन सुरू झालं, त्यात कागद तपासणी घरबसल्या ऑनलाइन किंवा सुविधा केंद्रात प्रत्यक्ष जाऊन असे दोन्ही पर्याय असतात. आम्ही मुद्दाम प्रत्यक्षचा घेतला, कारण मला ते बायोचं समोर बसलेल्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं. सुविधा केंद्र म्हणजे ठरवून दिलेल्या कॉलेजात बसवलेला स्टाफ, गर्दी, पंखा आमच्या डोक्यावरचा सोडून सगळीकडे फिरतोय, आणि तिथल्या सरांनी मार्कशीट बघून एक सेकंदही न घालवता बायोचे मार्क धरले, "फिजिक्स मॅथ्स बायो ४५.६७, एलिजिबल, नेक्स्ट". मी विचारलं, सर नक्की ना? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प पासबुकाची झेरॉक्स पुढे केली. तपासणीचे पैसे शून्य, फॉर्मची सरकारी फी तेवढी वेगळी.

ऑप्शन फॉर्म भरताना वरच्या मजल्याचा परत आला, यावेळी स्वतःहून. त्याचं म्हणणं पहिल्या नंबरच्या खाली हवी तर शोभेची कॉलेजं भरा पण त्यांच्याखाली खरीखुरी जाता येतील अशी भरपूर टाका, आणि पहिल्या राउंडला पहिलीच पसंती मिळाली तर ती घ्यावीच लागते, तेव्हा पहिल्या नंबरवर जे खरंच पाहिजे तेच. तिने इलेक्ट्रॉनिक्स धरून यादी केली, मी मध्ये बोललो नाही, म्हणजे एकदाच बोललो, प्रवासाबद्दल. तिसऱ्या राउंडला पनवेल साईडचं कॉलेज लागलं. भांडुप ते ठाणे, मग ट्रान्सहार्बरने पनवेल, मग रिक्षा. लांब आहे, सकाळी सहाला घराबाहेर. बीएस्सीची सीट सोडून दिली. इलेक्ट्रॉनिक्स तिला झेपेल का, माहीत नाही, मॅथ्सचे ४४ मी विसरलेलो नाही आणि ती पण विसरलेली नाही, कॉलेज सुरू व्हायच्या आधीच तिने अकरावीची पुस्तकं परत काढली होती.

आता सेंटरचा शेवटचा भाग. ॲडमिशन झाल्यावर मी फोन केला की बाबा तुमची फॉर्म फिलिंग, सरांचा फॉलोअप, यातलं काही आम्ही घेतलं नाही, तेवढे पैसे परत द्या. आधी रिसेप्शन, मग कोणी मॅनेजर, मग "सर मीटिंगमध्ये". खूप फोनांनंतर सांगितलं पॉलिसीप्रमाणे रिफंड नाही. वर विचारलं, "काका, घरात अजून कोणी आहे का शिकणारं?" मी भाबडेपणाने म्हटलं धाकटा आहे, आठवीत. तर दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर क्रेडिट नोट, चार हजारांची, धाकट्याच्या नावाने, डीएमआयटीसह, बारावीपर्यंत व्हॅलिड. कोणाला पाहिजे असेल तर सांगा, ट्रान्सफर होते का विचारून बघतो.